क्राउनचं तेल आणि खंडेनवमी

माझ्या गाडीचा मागचा क्राउन गुणगुणतो, हे मला मान्य होतं. तो रडतो, हे माझ्या बायकोचं, अनसूयेचं म्हणणं मात्र मी कधीच मान्य केलं नाही. क्राउन म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी मडक्यासारखा जो गोळा असतो, तो. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन्ही चाकांना वाटून मिळते. आत दातेरी चाकं असतात, ती घट्ट तेलात बुडालेली असतात, आणि ते तेल अधूनमधून बदलायचं असतं. यातलं शेवटचं वाक्य मला गाडी घेतल्यावर सोळा वर्षांनी कळलं.

आवाज पन्नासच्या वेगाला सुरू व्हायचा आणि वेगाबरोबर वाढायचा. अनसूयेची तक्रार तशी एकच होती. या गाडीत तिला सोळा वर्षांत एकदासुद्धा डुलकी लागली नव्हती. तिच्या बहिणी आपापल्या गाड्यांत बसल्या की वाळूज यायच्या आत मान टाकतात, आणि हिला गंगापूरला माहेरी पोचेपर्यंत टक्क जागं राहावं लागतं. मी तिला सुचवायचो की खिडकीतून बाहेर बघावं, छान ऊस आहे. त्यावर ती म्हणायची की ऊस तिनं लहानपणी भरपूर पाहिलेला आहे.

नवरात्राच्या सहाव्या माळेला तिनं निकाल दिला. दसऱ्याला तिच्या दादाकडे जेवायला गंगापूरला जायचं होतं. गाडी न गुणगुणता तिथवर गेली तर ठेवायची. गुणगुणली तर दादाच्या ओळखीचा बन्सी आहे, त्याला ऊसतोडीची माणसं नेण्यासाठी जुनी गाडी हवीच आहे, त्याला तिथल्या तिथं देऊन टाकायची आणि एसटीनं घरी यायचं. निकालाविरुद्ध अपील कुठं करायचं ते तिनं सांगितलं नाही, कारण तशी सोयच नव्हती.

 गाडी चालवायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो, ती याच गाडीवर. कचेरीतली माणसं मला सायकलवरचे पाठक म्हणून ओळखायची. ज्या दिवशी मी ही गाडी घेऊन औरंगपुऱ्यात कचेरीसमोर उतरलो, त्या दिवशी शिपायानं पहिल्यांदा उठून दार उघडलं होतं. मुलाला, मिहिरला, पुण्याच्या कॉलेजात सोडून येताना मी हिच्यातच रडलो, आणि क्राउनच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. अशी गाडी बन्सीच्या स्वाधीन करून, हातात आपट्याची पानं घेऊन एसटीत उभं राहायचं, ही कल्पना मला सहन होईना.

गोकुळच्या गॅरेजात गेलो. त्यानं गाडीखाली डोकं घालून सांगितलं की तेल बदलून बघा, बहुतेक तेवढ्यावर भागेल; पण नवरात्रात हात रिकामा नाही, दिवाळीनंतर या. मग मी ठरवलं की हे काम आपणच घरी करायचं. तेल काढायचं आणि तेल भरायचं, यात काय अवघड आहे? ज्या माणसानं चौतीस वर्षं सरकारी कचेरी सांभाळली, त्याला दीड लिटर तेल सांभाळता येणार नाही का? असे प्रश्न माणसानं स्वतःला विचारू नयेत, कारण उत्तर देणाराही तोच असतो.

औरंगपुऱ्यातून नव्वद नंबरचं तेल आणलं. घरी येऊन फाईल उघडली. हसू नका. फाईल उघडल्याशिवाय मला काम सुचत नाही. विषय लिहिला, ‘वाहनाच्या मागील क्राउनमधील तेल बदलणेबाबत’. खाली कामाचा क्रम लिहिला. आमच्या कचेरीत एक नियम होता आणि मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. जुनी खुर्ची जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित झाल्याशिवाय नव्या खुर्चीची मागणी करायची नाही. जुनं रीतसर बाहेर, मग नवं आत. तेव्हा मुद्दा क्रमांक एक, जुने तेल काढणे. मुद्दा क्रमांक दोन, नवे तेल भरणे. खाली सही केली आणि तारीख घातली. ती तारीख खंडेनवमीची होती, याकडे माझं लक्ष नव्हतं.

नवमीला सकाळी सात वाजता मी पुंडलिकनगरच्या आमच्या अंगणात गाडीखाली शिरलो. शेजारचे कडुबा लगेच खुर्ची घेऊन कुंपणापाशी येऊन बसले. कडुबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि आता ते बाकीच्यांच्या गाड्या नजरेनं चालवतात. मी फाईल गाडीच्या टपावर उघडी ठेवली होती. त्यांनी ती लांबूनच वाचली आणि मान हलवली. मला वाटलं, पसंतीची असेल.

क्राउनला दोन बुचं असतात. खालचं काढलं की तेल बाहेर पडतं. वरचं काढलं की नवं भरता येतं. खालचं सहा कोनांचं बूच माझ्या एकुलत्या एका पान्यानं दोन हिसक्यांत निघालं. तेल घमेल्यात पडलं, आणि काही माझ्या बनियनच्या बाहीत गेलं. त्या वासाचं वर्णन सणाच्या दिवशी करू नये. अनसूयेनं आतूनच विचारलं की कुठं काही मेलंय का. तेल निम्मंच निघालं, काळंभोर, आणि बुचाच्या टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला. म्हणजे गेली कित्येक वर्षं ते बिचारे दाते अर्ध्या उपासावर फिरत होते. मला त्यांची खरोखर दया आली. चुंबक पुसला, बूच परत लावलं, घट्ट आवळलं, आणि बाहेर येऊन फाईलवर मुद्दा एकसमोर ‘पूर्ण’ असं लिहिलं.

मग वरचं बूच. ते क्राउनच्या मागच्या अंगाला होतं, बाहेर आलेल्या चौकोनी डोक्याचं. पाना लावला, जोर केला, पाना घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आणि त्या डोक्याचे दोन कोपरे गोल होऊन गेले. तिसऱ्यांदा माझंच डोकं गाडीच्या तळाला आपटलं. तेव्हा कडुबांनी तोंड उघडलं.

“भाऊसाहेब, वरचं बूच आधी खोलून बघायचं असतंय. ते निघालं तरच खालचं खोलायचं. नाय तर तेल गेलं आन् भरायची वाट बंद.”

हे त्यांना आधी सांगता आलं नसतं का, असं मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

“व्हय, आलं असतं. पण तुम्ही फाईल काढली व्हती. म्हनलं, सायबानं काय तरी इचार केला असंल.”

 क्राउनमध्ये तेलाचा थेंब नव्हता. अशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली तरी आतले दाते एकमेकांना खाऊन टाकतील, असं कडुबांनी पुढं सांगितलं. म्हणजे आता गाडी गुणगुणण्याचासुद्धा प्रश्न उरला नव्हता. ती जागची हलणारच नव्हती. जो दिवा विझू नये म्हणून मी धडपडत होतो तो मीच फुंकर मारून विझवला होता. बन्सीला फोन करून गाडी न्यायला ट्रॅक्टर घेऊन ये म्हणावं लागलं असतं.

एवढ्यात अनसूया पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. आज खंडेनवमी, हत्यारांची पूजा. माझा पाना तिला हवा होता. तो घसरून निरुपयोगी ठरलेलाच होता, म्हणून मी आढेवेढे न घेता देऊन टाकला. देवघरात विळी, सुरी, कात्री, माझं पेन, आणि त्यांच्या पंगतीत माझा पाना बसला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. उद्या पूजा उतरेपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. भाजी तिनं काल रात्रीच चिरून ठेवली होती. हत्यारांना सुट्टी असते, बायकांना नसते, असंही ती जाता जाता बोलली.

कडुबांकडे चौकोनी बुचाचा खास पाना आहे, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तो पन्नास वेळा दाखवला होता. मी स्वर मऊ करून मागितला. ते मला आत घेऊन गेले. पाटावर लाल कापड, त्यावर पान्यांची रांग, मधोमध तो खास पाना, कपाळाला हळद लावून बसलेला. कडुबांनी त्याला हात जोडले. मलाही जोडायला लावले. तीस वर्षं त्यांनी एसटीत एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही, तो या पूजेचा गुण, असं त्यांचं म्हणणं. उद्या शमीची पूजा करून आलो की संध्याकाळी घेऊन जा, म्हणाले. आम्हाला सकाळी नऊला निघायचं होतं. मी ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, चहा दिला, पाना दिला नाही.

तिथून स्कूटरवर गोकुळकडे. गॅरेजला झेंडूची तोरणं, जॅक, हातोडे, पान्यांचे संच, सगळे ओळीनं कुंकू लावून बसलेले, आणि गोकुळ धुतलेल्या सदऱ्यात इतका स्वच्छ दिसत होता की मी त्याला आधी ओळखलंच नाही. त्यानं पेढा दिला. औरंगपुऱ्यात दोन दुकानं फिरलो. तो पाना तयार मिळत नाही, लेथवर करून घ्यावा लागतो, असं दोन्हीकडे कळलं. लेथवाल्याकडे गेलो. लेथला हार घातला होता. तिथंही पेढा मिळाला. साडेअकरापर्यंत माझ्या पोटात सात पेढे होते आणि शहरातलं एकूण एक लोखंड देवपदाला पोचलेलं होतं.

घरी आलो तर गल्लीतल्या बायका हंडे, पिंपं, पाइप घेऊन दारादारांत उभ्या. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि त्या दिवसाला वार नसतो, फक्त अफवा असते. आज ती खरी निघाली होती. मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो. हात कोपरापर्यंत काळे, वास कायम. अनसूया बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती काही टोचून बोलेल अशी मी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, “अहो, एवढं काय त्या गाडीत?”

मी म्हणालो, “काही नाही. मला ती आवडते.”

एवढं साधं उत्तर मी सोळा वर्षांत दिलं नव्हतं.  मग रस्त्याकडे बघून तिनं हाक मारली, “सांडू, जरा इकडं या.”

सांडू म्हणजे आमच्या भागात पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस. त्याच्या खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी असते. वरती आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यात ती उभी सोडायची, व्हॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसवायची आणि दांडा फिरवायचा. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. पण बघणं आणि सुचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आमच्या घरात अनसूयेकडे आहे. व्हॉल्व्ह सोडून आल्यावर सांडूला चहा ती देते, त्यामुळे हाकही तिचीच चालते.

मी कपाळ पुसत विचारलं की आज खंडेनवमीला तुमच्या चावीची पूजा नाही का.

“केली की सकाळी,” सांडू म्हणाला. “पर सायेब, चावी पाटावर बसली तर गल्ली माझी पूजा घालंल. पाण्याला सणाची सुट्टी नाय.”

साऱ्या संभाजीनगरात तेवढं एकच हत्यार त्या दिवशी कामावर होतं.

सांडू गाडीच्या मागं उकिडवा बसला. चावी आडवी करून त्यानं तिचं तोंड बुचावर सरकवलं. लांबी नेमकी अशी की आडवा दांडा गाडीच्या बाहेर आला. पण तोंड मोठं आणि बूच लहान. चावी नुसतीच गरगर फिरली. मधे पत्रा घालून फट भरायला पाहिजे, असं कडुबा कुंपणावरून म्हणाले. या वेळी त्यांनी वेळेवर सांगितलं, त्याची नोंद घेतली पाहिजे. पत्रा कापायचा कशानं? कात्री देवघरात. असा पत्रा हवा होता की जो आहे तसाच हातानं दुमडता येईल.

माझी नजर फाटकाकडे गेली. तिथं माझी पाटी होती. ‘म. ज. पाठक, अधीक्षक (सेवानिवृत्त)’. पांढऱ्यावर काळी अक्षरं. निरोप समारंभानंतर चौथ्या दिवशी मी ती करून घेतली होती आणि दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसत होतो. तीन वर्षांत तिच्याकडे बघून कुणी काही काम आणलं नव्हतं, पण ती होती. बायका हंडे धरून बघत होत्या. अनसूया पाटीकडे बघत होती. मी उठलो, तार पिळून पाटी काढली आणि सांडूच्या हातात दिली.

दगडाची पूजा झालेली नव्हती, म्हणून दगडानं ठोकून त्यानं माझं नाव आणि हुद्दा चार पदरी दुमडला आणि बुचाभोवती गुंडाळला. त्यावर चावी बसवली, ती गच्च बसली. दांड्याच्या एका टोकाला सांडू, दुसऱ्या टोकाला मी. त्यानं “दमानं” म्हटलं आणि आम्ही जोर लावला. काही हललं नाही. पुन्हा लावला. माझ्या डोळ्यांपुढं एसटीतल्या उभ्या माणसांची रांग दिसली आणि कुठून कोण जाणे, अंगात बळ आलं. कड् असा आवाज झाला. माझ्या मणक्याचा असेल असं मला वाटलं, पण तो बुचाचा होता. बूच फिरलं.

गल्लीतल्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या टाळ्या आता पाणी येईल म्हणून असतील, तरी मी सगळ्या स्वीकारल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला शाल आणि नारळ मिळाला होता, टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

पुढचं काम सोपं होतं. कुलर आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाकूनच ठेवायचा होता, त्याचा पाइप काढला, एक टोक बुचाच्या भोकात, दुसऱ्यात नरसाळं, आणि नरसाळं घेऊन अनसूया गाडीच्या मागच्या दारात उभी. साडीवर एक थेंब पडला तर बघा, असं तिनं आधी बजावलं. तेल मधासारखं सावकाश उतरलं. भोकातून बाहेर ओघळायला लागलं की भरलं समजायचं, हे कडुबांनी सांगितलं. ते ओघळलं. मग चहा न पिता थांबलेल्या सांडूनं त्याच चावीनं बूच बंद केलं, पाटीचा चुरगळलेला पत्रा मला अदबीनं परत दिला आणि खड्ड्याकडे गेला. पाच मिनिटांत गल्लीत पाणी आलं. मी हात धुतले. फाईलवर मुद्दा दोनसमोर ‘पूर्ण’ लिहिलं आणि खाली शेरा मारला की यापुढे क्रम उलटा ठेवावा.

दसऱ्याला सकाळी नऊला निघालो. अनसूया पुढं बसली नाही. मी मागच्या सीटवर बसणार, आवाज तिथूनच येतो, आणि नीट ऐकून ठरवणार, असं तिनं जाहीर केलं. कडुबा फाटकापर्यंत आले आणि गाडीच्या मागच्या अंगाला हात जोडले. वाळूजपर्यंत गर्दी होती, वेग आलाच नाही. पुढं रस्ता मोकळा झाला. चाळीस. पन्नास. मी कान मागं लावले. पंचावन्न. काही नाही. साठ. टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, बस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी ते लपवायला आवाजही नव्हता. मागून काही शेरा येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. न्यायाधीश पुरावा पुरता ऐकून घेत असणार, असं मी समजलो.

लिंबेजळगाव मागं पडलं आणि तो आला. बारीक, लांब, ओळखीचा. हूंऽऽ.

 मी वेग चाळीसवर आणला. आवाज तसाच. तीसवर आणला. तसाच, उलट जरा वाढला. वेग कमी करून वाढणारा आवाज कडुबांनीही कधी सांगितला नव्हता. गाडी कडेला घेतली, उभी केली, इंजिन बंद केलं. आजूबाजूला ऊस, पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत आवाज चालूच. हूंऽऽ, मग थोडा विसावा, मग हूंऽऽ.

मी मागं वळून बघितलं. अनसूया मान टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, मांडीवरच्या आपट्याच्या पानांवर हात ठेवून गाढ झोपली होती.

मी तिला उठवलं नाही. किती वेळ तसाच बसून होतो ते माहीत नाही. तीन एसटी गाड्या बाजूनं गेल्या, तिन्हींत माणसं उभी होती, आणि मी प्रत्येकीकडे नीट बघून घेतलं. शेवटी तिनं डोळे उघडले आणि का थांबलो विचारलं. आवाज ऐकत होतो, म्हणालो. मी झोपले नव्हते, नुसते डोळे मिटले होते, म्हणाली. मी गाडी सुरू केली.

गंगापूरला दादांच्या दारात बन्सी हजर होता. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारून बघितली आणि अनसूयेला विचारलं, “मग ताई, नेऊ का मी?”

“नाही रे,” ती म्हणाली. “यांच्या गाडीत आवाज येत नाही.”

सोनं वाटून झालं, जेवण झालं. निघताना तिनं वहिनीकडून परतीच्या वाटेसाठी एक उशी मागून घेतली.